कार्बन-१४ ला मरायला एवढा उशीर का? न्यूक्लिऑनांचे सहसंबंध आणि स्पिन-आयसोस्पिन उत्तेजनं

खडूफळा

मागे कार्बन-डेटिंगच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की कार्बन-१४ चं अर्धायुष्य (निम्मा साठा संपायला लागणारा काळ) ५७३० वर्षंच का? त्यावर उत्तर आलं, "प्रत्येक समस्थानिकाचं ठरलेलं असतं." ठरलेलं असतं हे खरंच, पण कोणी ठरवलं? तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

आधी कोडं नीट मांडतो. कार्बन-१४ मध्ये ६ प्रोटॉन आणि ८ न्यूट्रॉन. एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन झाला की ७-७ चं नायट्रोजन-१४ तयार होतं. हा बीटा-क्षय. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन ही न्यूक्लिऑन नावाच्या एकाच कणाची दोन रूपं मानली (हायझेनबर्ग, १९३२), तर सध्या कुठलं रूप आहे ते सांगणारी राशी म्हणजे आयसोस्पिन. बीटा-क्षयात आयसोस्पिन पालटतोच. नुसता तोच पालटला तर ते फर्मी संक्रमण. त्याच्या जोडीला स्पिनवरही (कणाच्या अंगच्या फिरकीवरही) क्रिया झाली तर गॅमो-टेलर संक्रमण (१९३६). स्पिन-आयसोस्पिन उत्तेजन म्हणतात ते मुख्यतः हेच.

कार्बन-१४ चा एकूण स्पिन ०, नायट्रोजन-१४ चा १. म्हणजे फर्मीचा रस्ता बंद आणि गॅमो-टेलरचा उघडा. पॅरिटी (आरशातल्या प्रतिमेत चिन्ह पालटतं की नाही) दोन्हीकडे सारखी. नियमात कुठेही अडवणूक नाही, आणि तरीही क्षय होता होत नाही.

तुलनेला हेलियम-६ घ्या. तिथेही ० पासून १ कडे जाणारं गॅमो-टेलर संक्रमण आहे, लिथियम-६ मध्ये. अर्धायुष्य ०.८ सेकंद. आता हेलियम-६ ला ३.५ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा मिळते आणि कार्बन-१४ ला जेमतेम ०.१५६, त्यामुळे फरक पडणारच. पण ऊर्जेचा वाटा हिशेबातून वगळला तरी कार्बन-१४ दहा लाखपटींहून जास्त मंद निघतो. चारचौघांसारखा वागला असता तर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत निम्मा संपला असता. मग कसलं कार्बन-डेटिंग आणि कसलं काय.

शाळा-कॉलेजात केंद्रकाचं जे चित्र शिकवतात त्यात प्रत्येक न्यूक्लिऑन आपापल्या कक्षेत, बाकीच्यांच्या सरासरी ओढीत फिरतो. त्याला शेजाऱ्याशी देणंघेणं नाही. या चित्रातून जादुई अंक (ज्या संख्यांना केंद्रक विशेष स्थिर असतं) येतात, बरेचसे स्पिन येतात, म्हणून ते टिकलंय. पण कार्बन-१४ च्या क्षयाची ताकद त्यातून काढायला गेलात तर चांगली ठसठशीत संख्या येते. निसर्गात मात्र ती जवळजवळ शून्य आहे. ऊर्जा विचारा, बंधन विचारा, हे चित्र निभावून नेतं. गॅमो-टेलर विचारलं की पितळ उघडं पडतं.

कारण न्यूक्लिऑन सुटे नसतात. एकाचा स्पिन कुठे आहे यावर दुसऱ्याचा स्पिन आणि दोघांमधल्या रेषेची दिशा अवलंबून असते. यालाच सहसंबंध म्हणायचं.

---

मीटरगेज

वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

घोडनदीकाठ

आमच्या जिव्हाळ्याचा विषय काढलात. इनामगावचं उत्खनन (डेक्कन कॉलेज, १९६८ ते १९८३) ज्यांनी वाचलंय त्यांना माळवा, पूर्व जोर्वे, उत्तर जोर्वे हे कालखंड पाठ असतात: साधारण इ.स.पू. १६०० पासून ७०० पर्यंत. महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगाच्या असल्या तारखांच्या यादीत 'टीएफ' अक्षरांनी सुरू होणारे नमुना क्रमांक दिसतात. ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची प्रयोगशाळा. पुढे अहमदाबादचे 'पीआरएल' क्रमांक येतात.

प्रश्न सरळ आहे. अर्धायुष्य जर इतक्या नाजूक गोष्टीवर अवलंबून असेल, तर ते बदलूही शकतं का? म्हणजे जळक्या धान्यात एक आणि लाकडी कोळशात दुसरं, असं काही?

---

खडूफळा

घोडनदीकाठ, निर्धास्त राहा. डेटिंगसाठी अर्धायुष्य कुणी गणिताने काढत नाही, ते मोजलेलं आहे: ५७३०, चाळीसएक वर्षं इकडे-तिकडे. आणि मी म्हणतोय तो नाजूकपणा केंद्रकाच्या आतला आहे. धान्य की कोळसा, हे बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचं रसायन. त्याची ऊर्जा काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट, केंद्रकातली दशलक्षांत. तिथवर धग पोचत नाही.

अवांतर: प्रयोगशाळा आजही तारीख कळवताना कार्बन-डेटिंगचा जनक लिबी याचं जुनं ५५६८ वर्षांचं अर्धायुष्यच संकेत म्हणून वापरतात आणि मग वृक्षवलयांच्या आधारे दुरुस्ती करतात. त्यामुळे ५७३० की ५५६८ यावरून इनामगावची तारीख हलत नाही.

आता शून्य कसं येतं ते. कार्बन-१४ आणि नायट्रोजन-१४ ही दोन्ही केंद्रकं म्हणजे ऑक्सिजन-१६ मधून दोन न्यूक्लिऑन काढलेले. तेव्हा सगळा खेळ दोन 'रिकाम्या जागां'चा. त्या दोघांच्या स्पिनची बेरीज वेगळी करा आणि कक्षीय कोनीय संवेगाची बेरीज, म्हणजे एल, वेगळी. कार्बन-१४ मध्ये एल = ० आणि एल = १ यांचं मिश्रण आहे. नायट्रोजन-१४ मध्ये ०, १ आणि २ तिन्ही शक्य आहेत, पण प्रत्यक्षात ९० टक्क्यांहून जास्त वाटा एल = २ चा.

इथेच मेख आहे. गॅमो-टेलरची क्रिया स्पिनला हात लावते, आयसोस्पिनला हात लावते, एल ला लावत नाही. नायट्रोजनचा मोठा वाटा एल = २ मध्ये, आणि कार्बनकडे एल = २ नाहीच. म्हणजे ९० टक्के दार इथेच लागलं. उरलेले दोन छोटे वाटे, ० ते ० आणि १ ते १, ते येतात विरुद्ध चिन्हांनी आणि एकमेकांना जवळजवळ पूर्ण खाऊन टाकतात.

नायट्रोजनला एल = २ कडे ढकलतं कोण आणि चिन्हं अशी जुळतात कशी? १९५३ मध्ये इंग्लिसने दाखवलं की साधं मध्यवर्ती बल आणि स्पिन-कक्षा बल एवढ्यावर ही वजावट जमतच नाही. पुढच्याच वर्षी जांकोविची आणि ताल्मी यांनी टेन्सर बल घातलं आणि जमली. टेन्सर बल म्हणजे दोन लोहचुंबकांसारखा मामला: एकापुढे एक ठेवले तर ओढतात, शेजारी-शेजारी समांतर ठेवले तर ढकलतात. अंतर तेच, पण दिशेने सगळं बदलतं. ड्यूटेरॉन (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन) गोल नसून स्पिनच्या दिशेने किंचित लांबट आहे तो यामुळेच. हे बल मुख्यतः पायॉन नावाच्या कणाच्या देवाणघेवाणीतून येतं, आणि पायॉनचं न्यूक्लिऑनशी नातंच स्पिन-आयसोस्पिनमधून आहे. म्हणून गॅमो-टेलर मोजणं म्हणजे टेन्सर बलाची नाडी बघणं.

---

शेवटचा बाक

छान लिहिलंय, पण शंका आल्यावाचून राहवत नाही. दोन संख्या वजा करून शून्य आणायचं आणि हाताशी एक बदलता येणारं बल. मग शून्य येणारच की. खुंटी पिळली, तार जुळली. यात निसर्ग किती आणि पिळणारा हात किती?

---

खडूफळा

रास्त शंका. २०११ मध्ये वेरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ओक रिजच्या जॅग्वार महासंगणकावर १४ च्या १४ न्यूक्लिऑन मोकळे सोडून हे गणित केलं. नुसती दोन-दोन न्यूक्लिऑनांमधली बलं घेतली तर क्षय हवा त्यापेक्षा फारच वेगवान येतो. तीन न्यूक्लिऑन एकदम जवळ आल्यावर लागणारं जादा बल घातलं, की ताकद कोसळते. पण त्या तीन-न्यूक्लिऑन बलात ठरवायचे स्थिरांक आहेतच, आणि निकाल त्यांना संवेदनशील आहे. तेव्हा एकट्या कार्बन-१४ वर मी पैज लावणार नाही.

मात्र एल = २ चा दावा स्वतंत्रपणे तपासता येतो. नायट्रोजन-१४ खरंच बहुतांशी एल = २ असेल, तर त्याच्यापासून उलटं, कार्बन-१४ कडे जाताना गॅमो-टेलरची ताकद तळाच्या अवस्थेत न दिसता वरच्या स्पिन २ च्या अवस्थांत दिसली पाहिजे. हॉलंडमधल्या ग्रोनिंगेनला ड्यूटेरॉन मारून तो प्रयोग झाला, निकाल २००६ मध्ये आले, आणि ताकद तिथेच, सात-आठ एमईव्हीवर सापडली. कार्बनकडून नायट्रोजनकडे जातानाही ताकद गायब नाही. ती ३.९५ एमईव्हीवरच्या दुसऱ्या स्पिन १ अवस्थेत जाऊन बसली आहे. बीटा-क्षयाच्या खिशात ०.१५६ एमईव्ही, तो तिथवर पोचणार कसा?

---

निंबोणी

धागा उशिरा बघितला. ओसाकाला आरसीएनपीत (तिथल्या विद्यापीठाचं केंद्रक-भौतिकी केंद्र) काही काळ होते, त्यामुळे यात मलाही बोलायचंय. शेवटचा बाक यांच्या शंकेला खरं उत्तर एका रेघेत मिळायचं नाही, सगळी बेरीज बघायला हवी.

१९६३ मध्ये इकेदा, फुजी आणि फुजिता यांनी एक नियम मांडला. न्यूट्रॉनचा प्रोटॉन होणाऱ्या दिशेची एकूण गॅमो-टेलर ताकद, वजा उलट्या दिशेची एकूण ताकद, बरोबर ३ गुणिले (न्यूट्रॉन वजा प्रोटॉन). यात कुठलंही मॉडेल नाही, खुंटी नाही. न्यूक्लिऑन सुटे असोत की एकमेकांत गुंतलेले, बेरीज तीच. झिर्कोनियम-९० मध्ये ५० न्यूट्रॉन, ४० प्रोटॉन, म्हणजे ३०.

मग मोजायला गेले. सत्तरीच्या अखेरीस अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात प्रोटॉन मारून समोर शून्य अंशात बाहेर पडणारे न्यूट्रॉन मोजायला सुरुवात झाली. भलामोठा डोंगर दिसला, जायंट रेझोनन्स, अगदी भाकीत केल्याप्रमाणे. पण अनेक केंद्रकांची बेरीज केली तर ती ६० टक्क्यांच्या आसपास अडली. चाळीस टक्के गहाळ. ऐंशीच्या दशकात यावर जी जुंपली!

एक बाजू म्हणे, न्यूक्लिऑन स्वतःच आतून उत्तेजित होऊन डेल्टा कण बनतो आणि ताकद पार ३०० एमईव्हीवर पळवतो. नियम फक्त न्यूक्लिऑनांचा, त्यामुळे तो मोडल्यासारखा दिसतो. दुसरी बाजू, बर्च आणि हामामोतो (१९८२), म्हणे की कुठे पळालेली नाही. टेन्सर बलामुळे एक कण-एक भोक (एक न्यूक्लिऑन वर गेला, मागे रिकामी जागा) अशी साधी उत्तेजनं दोन कण-दोन भोकांच्या असंख्य अवस्थांत मिसळतात आणि ताकद डोंगराच्या पलीकडे, ५० एमईव्हीपर्यंत पातळ थरासारखी पसरते. पार्श्वभूमी म्हणून तुम्ही जे कापून टाकता त्यातच ती आहे.

---

मीटरगेज

हे थरारक होत चाललंय. मग खरं कोण?

---

निंबोणी

सांगते. पसरलेला थर मोजणं हेच जिकिरीचं. आरसीएनपीत १०० मीटर लांबीचा बोगदा आहे. एका टोकाला झिर्कोनियमचा पातळ पत्रा, त्यावर २९५ एमईव्हीचा प्रोटॉन, दुसऱ्या टोकाला न्यूट्रॉन पकडणारा संच. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, चुंबकाने वळवून ऊर्जा काढता येत नाही, म्हणून १०० मीटर पळायला किती वेळ लागला त्यावरून ऊर्जा. ३०० एमईव्हीच्या आसपासची ऊर्जा निवडायचं कारण असं, की तिथे प्रोटॉन केंद्रकातून जाताना फारसा विस्कटत नाही आणि स्पिन-आयसोस्पिनची क्रिया बाकीच्यांवर मात करते.

मग एकेक अंशाने कोन बदलत मोजायचं आणि दर एमईव्हीच्या पट्टीत आलेखाचा आकार बघायचा. गॅमो-टेलर शून्य अंशाला टोकदार, बाकीची उत्तेजनं पुढच्या कोनांना फुगणारी. प्रत्येक पट्टीत किती कोण, याची फोड करायची. इतकं करूनही एक चोर उरतो: स्पिन-मोनोपोल नावाचं उत्तेजन, तेही शून्य अंशालाच टोकदार. ते अंदाजाने वजा करावं लागतं आणि वाद झाले ते प्रामुख्याने तिथेच.

१९९७ मध्ये ५० एमईव्हीपर्यंतची ताकद या रीतीने काढली गेली. मग उलट दिशा, न्यूट्रॉन मारून प्रोटॉन बाहेर. साध्या चित्रात झिर्कोनियम-९० ला उलट दिशेची ताकद जवळजवळ शून्य असायला हवी, कारण जागा भरलेल्या. पण थोडी मिळाली. तळाच्या अवस्थेतच न्यूक्लिऑन आपल्या जागा सोडून वर-खाली असतात याचा हा थेट पुरावा. २००५ मध्ये दोन्हींची वजाबाकी आली: नियमाच्या ८८ टक्के, अनिश्चितता ६ टक्के.

म्हणजे गहाळ चाळीसातले बहुतेक सापडले आणि डेल्टाच्या वाट्याला दहाएक टक्केच उरले. सहसंबंधवाल्यांची सरशी.

---

शेवटचा बाक

पटलं. पण मग बीटा-क्षयाचं गणित करणारे आपल्या उत्तराला अजून ०.७५ ने का गुणतात? बेरीज सापडली ना?

---

खडूफळा

कारण सापडली ती वरच्या मजल्यांवर. बीटा-क्षयाला खालची छोटी खिडकीच दिसते. शेल मॉडेलचं (वरच्या कक्षांच्या चित्राचं) गणित करणारे मोजक्या कक्षा घेतात आणि त्या मर्यादेत ताकद मोजतात. टेन्सर बलाने जी ताकद त्या कक्षांबाहेर उधळली ती त्यांच्या हिशेबात आतच राहते, म्हणून उत्तर दरवेळी जास्त येतं. ऑक्सिजन ते कॅल्शियम या टापूत गुणक ०.७७, त्यापुढे लोखंडाच्या आसपास ०.७४. सुट्या न्यूट्रॉनसाठी अक्षीय स्थिरांक (गॅमो-टेलर क्रियेचा जोर सांगणारा आकडा) १.२७, त्याला ०.७७ ने गुणलं की एकाच्या जवळ येतं. बरीच वर्षं लोक त्या 'एक'मध्ये काही गहन अर्थ शोधत होते. माझ्या मते तो योगायोग आहे.

२०१९ मध्ये हलक्या केंद्रकांपासून कथिल-१०० पर्यंत हा गुणक न लावता गणित करून दाखवलं गेलं. कथिल-१०० हे ५०-५० चं दुहेरी जादुई केंद्रक, आणि त्याचा गॅमो-टेलर क्षय ज्ञात असलेल्यांत सर्वांत जोरकस क्षयांपैकी. त्यात दोन गोष्टी घातल्या: सगळे सहसंबंध, आणि दोन-न्यूक्लिऑन प्रवाह, म्हणजे दुर्बल बल एका न्यूक्लिऑनला न धरता पायॉनची देवाणघेवाण चालू असलेल्या जोडीलाच धरतं ती शक्यता.

आता गंमत बघा. त्या जोडी-प्रवाहाच्या गणितात जे स्थिरांक येतात त्यांचा मोठा वाटा कुठून येतो? डेल्टा कणातून. म्हणजे ऐंशीच्या दशकात हरलेला पक्ष मागच्या दाराने पुन्हा आत आला आहे, वेगळ्या नावाने. त्यामुळे 'सहसंबंध की डेल्टा' हा प्रश्नच मला आता अर्धवट वाटतो. किती सहसंबंधांत टाकायचं आणि किती प्रवाहांत, हे बऱ्याच अंशी तुम्ही बलं कुठल्या बारकाईने लिहिता त्यावर ठरतं. निंबोणी यांचं 'सरशी' मला थोडं घाईचं वाटलं.

---

निंबोणी

घाईचं नाही. ८८ टक्के हा मोजलेला आकडा आहे, तुम्ही बलं कशीही लिहा. तुम्ही म्हणताय ते बीटा-क्षयाच्या गुणकाच्या वाटणीबद्दल, आणि तिथे सहमत. दोन वेगळे प्रश्न आहेत, मिसळायला नकोत.

आणि सहसंबंध म्हटलं की ताकद फक्त विखुरते असा समज इथे होतोय, तो व्हायला नको. कॅल्शियम-४२ घ्या. जादुई ४० वर दोन जास्तीचे न्यूट्रॉन. त्यावर हेलियम-३ मारून ट्रिटॉन (हायड्रोजन-३ ची केंद्रकं) मोजले, आरसीएनपीच्याच ग्रँड रायडेन चुंबकांमधून. स्कँडियम-४२ मध्ये नेहमीसारखा वरचा डोंगर अपेक्षित होता. आलेखात एकच उंच सुई आली, ०.६११ एमईव्हीवर, अगदी तळाशी, आणि बहुतांश ताकद तिच्यात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेलं काम. कॅल्शियम-४८ ला मात्र ताकद वर, रुंद डोंगरात.

---

घोडनदीकाठ

थांबा. कार्बन-१४ मध्येही दोनच न्यूक्लिऑनांचा खेळ, कॅल्शियम-४२ मध्येही दोनच. एकीकडे तळाला शून्य, दुसरीकडे तळालाच सगळं. एकाच कारणाने दोन उलटी फळं कशी?

---

निंबोणी

तुम्ही अगदी मर्मावर बोट ठेवलंत. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचे स्पिन समांतर असतील तर त्यांच्यात खास ओढ असते, ड्यूटेरॉन बांधला जातो ती हीच. स्कँडियम-४२ मध्ये या ओढीमुळे वेगवेगळ्या कक्षांतून येणारे वाटे एकाच चिन्हाने जुळतात, बेरीज फुगते आणि अवस्था खाली खेचली जाते. न्यूट्रॉन वाढत गेले की प्रोटॉन-कण आणि न्यूट्रॉन-भोक यांच्यातलं स्पिन-आयसोस्पिन प्रतिकर्षण वरचढ होतं आणि ताकद वर ढकलली जाते, तो कॅल्शियम-४८ चा डोंगर. कार्बन-१४ मध्ये वाटे विरुद्ध चिन्हांचे. वाटे किती मोठे आहेत यापेक्षा त्यांची चिन्हं कशी जुळतात, हे सहसंबंध ठरवतात.

प्रोटॉन-न्यूट्रॉन ओढीचा पुरावा अगदी वेगळ्या वाटेनेही मिळाला आहे. अमेरिकेतल्या जेफरसन प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन मारून कार्बन-१२ मधल्या जवळ चिकटलेल्या जोड्या मोजल्या (२००८). सुमारे २० टक्के न्यूक्लिऑन अशा जोड्यांत असतात आणि त्या जोड्यांपैकी ९० टक्के प्रोटॉन-न्यूट्रॉन. पुन्हा टेन्सर बलच.

---

मीटरगेज

दंडवत. अडाण्याचा प्रश्न: याचा कुठे उपयोग?

---

खडूफळा

ताऱ्याचा गाभा कोसळताना लोखंडाच्या आसपासची केंद्रकं इलेक्ट्रॉन गिळतात, ती गॅमो-टेलरनेच. गाभ्यात किती इलेक्ट्रॉन उरतात हे त्यावर ठरतं.

दुसरा, आपल्या जवळचा: न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा-क्षय, म्हणजे दोन न्यूट्रॉनांचे एकदम प्रोटॉन होतात पण न्यूट्रिनो बाहेर पडत नाही. तो सापडला तर न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण आहे हे कळेल. त्याचा वेग अक्षीय स्थिरांकाच्या चौथ्या घाताने जातो. वरचा ०.७५ तिथे लावला तर चौथा घात ०.३२, म्हणजे वाट बघायची मुदत तिप्पट. मुंबईत टीआयएफआरमध्ये (वरचीच टाटा संस्था) कथिल-१२४ चा अतिथंड बोलोमीटर (उष्णतेतली बारीक वाढ टिपणारं यंत्र) घेऊन याच शोधाची तयारी झाली. शोधयंत्रात किती किलो कथिल लागेल हा हिशेब या गुणकाने सरळ बदलतो.

---

निंबोणी

एक भर घालते. तो ०.७५ तिथे जशाच्या तसा लावू नये. साध्या बीटा-क्षयात केंद्रकाला जवळजवळ धक्का बसत नाही. न्यूट्रिनोविरहित क्षयात दोन न्यूक्लिऑनांमध्ये १०० एमईव्हीच्या घरातला संवेग फिरतो आणि जोडी-प्रवाहांचा परिणाम संवेगाबरोबर कमी होतो. एवढाच संवेग म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) गिळणाऱ्या केंद्रकांना मिळतो, म्हणून सध्या तिकडे मोजमापं चालू आहेत. घात चौथा असला तरी पाया ०.७५ च आहे असं धरून किलो मोजायला बसू नका.